रोजची अवजारे (भाग ७) : अक्षरी रुपये

चेक, व्हाउचर, देणगीची पावती, ठेकेदाराचं बिल. कागद कुठलाही असो, खाली ‘अक्षरी रुपये’ ही ओळ असतेच. हिशेब एक्सेलमध्ये गेले त्याला जमाना झाला, तरी ही एक ओळ कितीतरी कार्यालयांत आजही हाताने भरली जाते. याचं कारण साधं आहे. आकड्याचे मराठी शब्द करून देणारं सूत्र एक्सेलमध्ये नाही. थाई भाषेसाठी आहे. ‘बाहटटेक्स्ट’ नावाच्या सूत्राला आकडा दिला की थाई लिपीत रक्कम लिहून येते, पुढे चलनाच्या नावासकट. रुपयाची सोय मात्र आपली आपणच करायची. गेल्या भागात मॅक्रो लिहायला शिकलो. आज त्याचं अ‍ॅड-इन करताना गाडी कुठे कुठे अडते ते पाहू.

ही ओळ किरकोळ वाटते, पण ती नुसती शोभेची नाही. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १८ सांगतं की आकडी आणि अक्षरी रक्कम वेगवेगळी असेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. प्रत्यक्षात अशी तफावत दिसली की बँक बहुधा चेकच परत करते. म्हणजे आपण जे सूत्र लिहिणार आहोत त्याची चूक थेट पैशाला लागते.

बहुतेक जण सुरुवात करतात ती मायक्रोसॉफ्टनेच दिलेल्या ‘स्पेलनंबर’ या नमुन्यापासून. तो डॉलर-सेंटसाठी लिहिलेला आहे. लोक त्यात ‘डॉलर’च्या जागी ‘रुपीज’ घालतात आणि काम झालं म्हणतात. मग २७,४३,५९९ ही रक्कम ‘टू मिलियन सेव्हन हंड्रेड फॉर्टी थ्री थाउजंड’ अशी उमटते. कारण तो नमुना उजवीकडून तीन-तीन अंकांचे तुकडे पाडतो. आपल्याला पहिला तुकडा तीन अंकांचा आणि त्यापुढचे दोन-दोन अंकांचे हवेत. कोटीच्या वर गेल्यावर उरलेला आकडा पुन्हा त्याच फंक्शनकडे पाठवायचा, म्हणजे ‘एकशे पंचवीस कोटी’ आपोआप जमतं.

मराठीत आणखी एक काम वाढतं. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि दहाचे आठ टप्पे असे सत्तावीस शब्द दिले की नव्व्याण्णवपर्यंतचं भागतं. आपल्याकडे प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे, त्यामुळे सगळा तक्ताच द्यावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’साठी ‘वीस सात’ अशी मांडणी आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. प्रोग्रॅमरचं काम त्या पद्धतीने हलकं झालं असतं हे खरं, पण व्हाउचरवर लोक ‘सत्तावीस’च लिहितात आणि अवजाराने लोकांच्या लिहिण्यामागे जायला हवं. शंभराचंही तसंच आहे. नुसते १०० असतील तर ‘शंभर’, १०१ झाले की ‘एकशे एक’. ही अट वेगळी घालावी लागते.

हा तक्ता कोडमध्ये लिहायला बसलात की पहिला धक्का बसतो. ऑल्ट-एफ११ दाबून उघडणाऱ्या व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी टिकत नाही. ‘एक’ चिकटवलं तर तिथे प्रश्नचिन्हं दिसतात, कारण त्या एडिटरला युनिकोड कळत नाही. यावर एक उपाय म्हणजे अक्षरांचे क्रमांक देणं: ‘ए’साठी २३१९, ‘क’साठी २३२५. अख्खा तक्ता असा लिहिला तर दुसऱ्या कुणालाच तो वाचता येणार नाही. त्यापेक्षा अ‍ॅड-इनच्या फाइलमध्येच एक शीट ठेवावी, तिच्यात शून्य ते नव्व्याण्णव शब्द सरळ देवनागरीत लिहावेत आणि कोडने ते तिथून उचलावेत. अ‍ॅड-इन म्हणून जतन केल्यावर ही शीट वापरणाऱ्याला दिसत नाही, पण दुरुस्तीसाठी ती केव्हाही उघडी करता येते. शुद्धलेखनावरून खात्यात मतभेद झाला तर कोडला हात न लावता शब्द बदलता येतो. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वात मोलाचा निर्णय हाच.

आता पैसे. १,२३४.५५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी लावला तर २२२.२१९ होतात. सेलमध्ये दिसतात २२२.२२. पण ‘स्पेलनंबर’ दशांशानंतरचे दोनच अंक उचलतो आणि बाकीचे सोडून देतो, म्हणून अक्षरी ‘एकवीस पैसे’ येतं. आकडा बावीस पैसे म्हणतो, अक्षर एकवीस. म्हणजे आधी रक्कम दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित करायला हवी. तिथेही व्हीबीएचं स्वतःचं ‘राउंड’ वापरू नका. नेमकं अर्ध्यावर आलं की ते जवळच्या सम अंकाकडे जातं, २२२.१२५चे ते २२२.१२ करतं, तर शीटवरचं ‘राउंड’ २२२.१३ देतं. शीटवरचंच फंक्शन कोडमधून बोलवावं.

फाइल एक्सएलएएम या प्रकारात जतन केली की अ‍ॅड-इन तयार. ते मेलने पाठवलं तर दुसऱ्या यंत्रावर बहुधा चालणार नाही. १९९९च्या मेलिसा व्हायरसपासून मॅक्रोंकडे संशयाने पाहिलं जातं आणि २०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो ऑफिस मुळातच अडवतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावं लागतं. ते करण्याआधी फाइल कुणाकडून आली याची खात्री करा. हा अडसर आपल्याच भल्यासाठी आहे.

ऑफिस २०१३पासून जावास्क्रिप्टमधल्या अ‍ॅड-इनची दुसरी वाट आहे. तिथे देवनागरीची अडचण नाही आणि व्हीबीए जिथे चालत नाही त्या ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही ते चालतं. पण ते मुळात वेबपान असल्याने कुठल्या तरी सर्व्हरवर ठेवून सांभाळावं लागतं. चार टेबलांच्या पतसंस्थेला एक्सएलएएम पुरेसं आहे.

खरी अडचण पुढे येते. लिहिणारा माणूस नोकरी बदलतो, फाइल मागे राहते आणि नव्या संगणकावर त्या सेलमध्ये ‘नेम’ची चूक दिसू लागते. म्हणून अशी अवजारं प्रोग्रॅमरांच्या भेटीगाठींत दाखवली गेली पाहिजेत असं मी आग्रहाने म्हणतो. पुण्यात मायक्रोसॉफ्टच्या तंत्रांभोवती जमलेला पुणे युजर ग्रुप आहे, पुणे लिनक्स युजर्स ग्रुप आहे, पायथॉन पुणे आहे. अशा मीटअपमध्ये क्लाउड आणि एआयवर भाषणं होतात, ती व्हायलाच हवीत. पण रोज शेकडो व्हाउचरांवर चालणारा दोनशे ओळींचा कोड तिथे क्वचितच पडद्यावर येतो. तो आणा, आणि येताना लेखा विभागातल्या कुणाला तरी सोबत आणा. प्रोग्रॅमर २७,४३,५९९ टाकून खूश होईल. हिशेब पाहणाऱ्या बाई मात्र शून्य टाकतील, क्रेडिट नोटची उणे रक्कम टाकतील, नुसते पन्नास पैसे टाकतील, आणि ‘फक्त’ हा शब्द पैशांच्या आधी की नंतर हेही विचारतील.

त्यांनी विचारलेली प्रत्येक रक्कम आणि तिच्यापुढे हवी असलेली अक्षरं अ‍ॅड-इनमध्येच दुसऱ्या एका शीटवर लिहून ठेवा. कोड बदलला की ती शीट आधी तपासायची. एक ओळ जरी चुकली तरी फाइल कुणाला द्यायची नाही. नवा माणूस आला तर कोड वाचण्याआधी त्याने हीच शीट वाचावी. पुढच्या आठवड्यात हाच तक्ता घेऊन लिब्रेऑफिसकडे वळू.