बॅकअप आहे, पण तो दुसऱ्या सर्व्हरवर चालेल का? सर्च डेटाबेसचं गणित समजून घ्या

२३ नोव्हेंबर २०२२. दिल्लीच्या एम्समधली ई-हॉस्पिटल यंत्रणा रॅन्समवेअर हल्ल्यामुळे बंद पडली. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला. पुढचे कित्येक दिवस नोंदणीपासून डिस्चार्जपर्यंत सगळं कागदावर चाललं.

तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री आणि दिंडोरीच्या खासदार भारती पवार यांनी नंतर लोकसभेत माहिती दिली. हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा मिळाला आणि तो नव्या सर्व्हरवर चढवण्यात आला. तरी बहुतेक सेवा सुरू व्हायला दोन आठवडे लागले.

याच काळात, ११ डिसेंबरला नागपुरातल्या मिहानमध्ये एम्सचं लोकार्पण झालं. गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट उपचारासाठी नागपूर गाठतात. त्यांचा जुना रिपोर्ट वेळेवर सापडणं हा त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न असतो. म्हणूनच ‘बॅकअपमधून परत आणणं’ म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हवं. त्यातही नाजूक भाग असतो सर्चचा.

सर्च डेटाबेस म्हणजे काय?

जाडजूड पुस्तकाच्या शेवटी सूची असते. कोणता शब्द कोणत्या पानांवर आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. सर्च डेटाबेस अशीच सूची आधी बनवून ठेवतो, म्हणून लाखो नोंदींमधून उत्तर क्षणात मिळतं. या सूचीला इंडेक्स म्हणतात. २०१० मध्ये आलेलं इलास्टिकसर्च हे यातलं सर्वात परिचित नाव. २०२१ मध्ये त्यातूनच ओपनसर्च वेगळं झालं.

हा इंडेक्स एका मशीनवर मावत नाही. त्याचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवर ठेवतात. या तुकड्यांना शार्ड आणि सर्व्हरच्या गटाला क्लस्टर म्हणतात.

मग फोल्डर कॉपी केलं तर?

नाही चालत. डेटा सतत बदलत असतो. एका सर्व्हरची कॉपी १० वाजता आणि दुसऱ्याची १० वाजून ५ मिनिटांनी झाली, तर तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्नॅपशॉट’ची सोय असते. पहिला स्नॅपशॉट पूर्ण असतो, पुढच्या वेळी फक्त नव्याने आलेला भाग साठवला जातो. हे सगळं क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या जागी ठेवतात. त्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात.

दुसऱ्या क्लस्टरवर कसं आणतात?

१. नव्या क्लस्टरला त्याच रिपॉझिटरीचा पत्ता देतात, पण फक्त वाचण्याची परवानगी ठेवून. दोन क्लस्टर एकाच जागी लिहायला लागले तर बॅकअपच खराब होऊ शकतो.

२. हवे ते इंडेक्स निवडून रिस्टोअर करतात. त्याच नावाचा इंडेक्स तिथे सुरू असेल, तर तो बंद करावा लागतो किंवा नव्याला वेगळं नाव द्यावं लागतं.

३. नोंदींची संख्या जुन्याशी ताडून बघतात, काही नमुना शोध घेतात आणि मगच वापरकर्त्यांना तिकडे वळवतात.

गाडी कुठे अडते?

पहिलं कारण, आवृत्ती. नव्या आवृत्तीत घेतलेला स्नॅपशॉट जुन्या आवृत्तीवर चढत नाही. जुन्यावरून नव्यावर जाता येतं, पण सर्वसाधारणपणे एकच मोठी पायरी. सातव्या आवृत्तीत बनलेला इंडेक्स आठव्यावर चालतो, थेट नवव्यावर नाही.

दुसरं कारण, जागा. नव्या क्लस्टरची डिस्क अपुरी असेल, तर काही शार्ड लटकून राहतात.

तिसरं कारण मराठीशी जोडलेलं आहे. ‘नागपूर’ शोधलं की ‘नागपुरात’ आणि ‘नागपूरचा’ही सापडायला हवं. इलास्टिकसर्चमध्ये हिंदीसाठी तयार नियमसंच आहे, मराठीसाठी नाही. त्यामुळे वेगळे प्लगइन आणि शब्दांच्या फाइल जोडाव्या लागतात. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठेवलेल्या अशा फाइल स्नॅपशॉटमध्ये येत नाहीत. त्या वेगळ्या जपल्या नाहीत, तर डेटा असूनही शोध धड चालत नाही.

मूळ डेटाबेस शाबूत असेल, तर इंडेक्स पुन्हा बनवता येतो. पण नोंदी कोट्यवधी असतील तर त्यात बराच वेळ जातो.

बॅकअप असूनही फटका बसतो का?

हो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण ऐनवेळी त्या कामी आल्या नाहीत. रोजचा बॅकअप तर आवृत्ती न जुळल्यामुळे तयारच होत नव्हता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी सुमारे सहा तास जुनी एक प्रत हाती लागली, मधला डेटा गेला.

दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’मधला ८५८ टेराबाइट डेटा जळाला. त्याची दुसऱ्या ठिकाणी प्रत नव्हती.

शिवाय बॅकअपने चोरी थांबत नाही. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजचा सुमारे २ टेराबाइट डेटा चोरल्याचा दावा ब्लॅककॅट या टोळीने केला होता. अशा वेळी हरवलेलं परत आणता येतं, बाहेर गेलेलं नाही.

मग उपाय काय?

जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. त्यासोबत ठराविक काळाने रंगीत तालीम हवीच. वेगळ्या क्लस्टरवर बॅकअप खरंच चढवून बघायचा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं.

नवीन फोनमध्ये व्हॉट्सअॅपचा बॅकअप घेताना पासवर्ड आठवत नाही, तेव्हा आपल्यालाही हाच धडा मिळतो. त्यामुळे बँक असो वा हॉस्पिटल, ‘बॅकअप आहे का?’ एवढंच विचारून भागणार नाही. ‘तो शेवटचा कधी रिस्टोअर करून पाहिला?’ हेही विचारायला हवं.