मांजरांचे नखे घासणे

मांजरांचे नखे घासणे हे पाळीव मांजराचे (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) जन्मजात वर्तन आहे. पुढच्या पायांची नखे एखाद्या टणक किंवा तंतुमय पृष्ठभागात रुतवून ती जोराने खाली अथवा मागे ओढणे, असे त्याचे स्वरूप असते. घराबाहेर वावरणारी मांजरे यासाठी झाडांची खोडे व कुंपणाचे खांब वापरतात, तर घरातच राहणारी मांजरे सोफे, गाद्या, पडदे, वेताच्या खुर्च्या, दाराच्या चौकटी आणि डासांच्या जाळ्या यांवर नखे घासतात. यातून होणारे सामानाचे नुकसान हे पाळीव मांजर सोडून देण्याच्या किंवा दुसऱ्याकडे सोपवण्याच्या कारणांपैकी एक आहे. हे वर्तन पूर्णपणे बंद करता येत नाही. मात्र योग्य पृष्ठभाग उपलब्ध करून दिल्यास ते तिकडे वळवता येते. शस्त्रक्रियेने नखे काढून टाकण्याची पद्धत काही देशांत प्रचलित असली, तरी अनेक देशांनी ती कायद्याने निषिद्ध ठरवली आहे.

नखांची रचना

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच व मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी सामान्यतः एकूण १८ नखे असतात. प्रत्येक नख बोटाच्या शेवटच्या हाडापासून वाढते. विश्रांतीच्या स्थितीत लवचीक अस्थिबंधांमुळे नखे त्वचेच्या घडीत ओढलेली राहतात आणि बोटे वाकवणारे स्नायू आकुंचन पावल्यावर ती बाहेर येतात. या रचनेमुळे चालताना मांजराची नखे कुत्र्याच्या नखांप्रमाणे जमिनीवर झिजत नाहीत.

नख थराथरांनी वाढते. बाहेरचा जुना थर सैल झाला की तो आवरणासारखा सुटतो व खालचे नवे टोकदार नख उघडे पडते. मांजराच्या नेहमीच्या जागी सापडणारी चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ टरफले म्हणजे अशीच गळालेली आवरणे असतात. ती तुटलेली नखे नसतात. नखाच्या आतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेल्या गुलाबी भागास जिव्हाळी म्हणतात.

वर्तनाची कारणे

नखांची निगा हे या वर्तनाचे एक कारण आहे. घासल्यामुळे जुने आवरण निघण्यास मदत होते. दुसरे कारण शारीरिक ताण देण्याचे आहे. झोपेतून उठल्यावर मांजर पुढचे पाय उंच रोवून खांदे, पाठ व पाय यांचे स्नायू ताणते. म्हणूनच झोपण्याच्या जागेजवळच्या वस्तूंवर अधिक ओरखडे आढळतात.

तिसरे कारण खुणा करण्याचे आहे. मांजराच्या पंजांच्या गाद्यांमध्ये व बोटांच्या बेचक्यांत गंधग्रंथी असतात. नखे घासताना त्यांचा स्राव पृष्ठभागावर लागतो. डोळ्यांना दिसणारे ओरखडे आणि हा गंध मिळून इतर मांजरांसाठी, तसेच स्वतःसाठीही एक संदेश तयार होतो. दिवाणखान्याचा कोपरा, दाराजवळची जागा अशा वर्दळीच्या ठिकाणी मांजर वारंवार नखे घासते, ते यामुळेच. घरात नवे मांजर येणे, घर बदलणे किंवा बाहेरच्या मांजरांची चाहूल लागणे अशा अस्वस्थतेच्या प्रसंगी हे प्रमाण वाढू शकते. मांजर राग काढण्यासाठी किंवा सूड म्हणून सामान खराब करते, या समजुतीस आधार नाही.

वर्तन वळवण्याचे उपाय

खांब व फळ्या

नखे घासण्यासाठी स्वतंत्र खांब किंवा फळी देणे हा मुख्य उपाय होय. खांब मांजरास मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताण देता येईल इतका उंच, सुमारे तीन फूट किंवा त्याहून अधिक, असावा. तो डळमळीत नसावा. एकदा अंगावर कलंडलेल्या खांबाकडे मांजर सहसा पुन्हा जात नाही. मांजरपालकांच्या निरीक्षणांवर आधारित, २०१६ साली प्रकाशित झालेल्या एका आंतरजालीय सर्वेक्षणात साधे उभे खांब आणि त्यांवर गुंडाळलेला दोर यांना मांजरांची अधिक पसंती असल्याचे आढळले.

यासाठी घायपाताचा दोर सर्वाधिक वापरला जातो. काथ्याचा किंवा तागाचा दोर, पन्हळी पुठ्ठा आणि साल न काढलेला लाकडाचा ओंडका हेही पर्याय आहेत. दोर लाकडी खांबावर घट्ट, एकाला एक लगटून गुंडाळावा लागतो. काही मांजरे उभ्या पृष्ठभागाऐवजी आडवा पसंत करतात. ज्या वस्तूवर मांजर आधीपासून नखे घासत आहे तिची दिशा, उंची व पोत पाहून पर्याय निवडल्यास यश येण्याची शक्यता वाढते. गालिचा खराब करणाऱ्या मांजरास आडवी फळी, तर सोफ्याची बाजू ओरबाडणाऱ्यास उभा खांब मानवतो.

खांबाची जागा

अडगळीच्या खोलीत ठेवलेला खांब बहुधा वापरला जात नाही. तो प्रथम खराब होत असलेल्या वस्तूला लागूनच ठेवतात आणि मांजरास सवय लागल्यावर दररोज थोडाथोडा सरकवून सोयीच्या जागी नेतात. झोपण्याच्या जागेजवळ दुसरा खांब ठेवणे उपयुक्त ठरते. एकाहून अधिक मांजरे असल्यास खांब वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले जातात. फाटका, जुना झालेला खांब मांजरास अधिक प्रिय असतो. त्यावर त्याचा गंध व खुणा असल्यामुळे तो एकाएकी टाकून दिल्यास मांजर पुन्हा सामानाकडे वळू शकते.

सामानाचे संरक्षण व बक्षीस

सवय बदलेपर्यंत सोफ्याच्या कोपऱ्यांवर गुळगुळीत प्लॅस्टिकचे आवरण, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी किंवा घट्ट बसणारी चादर लावतात. खांब वापरल्याबरोबर खाऊ देणे किंवा कौतुक करणे परिणामकारक असते. मांजराचे पंजे हाताने धरून खांबावर घासणे टाळले जाते, कारण त्यामुळे ते खांबास बिचकू शकते. ओरडणे, मारणे किंवा अंगावर पाणी उडवणे यांमुळे मांजर माणसास घाबरू लागते व तो नसताना नखे घासते. मूळ गरज तशीच राहते.

मांजरास दूर ठेवण्यासाठी लिंबूवर्गीय फळांची किंवा टी ट्रीची तेले शिंपडणे धोक्याचे आहे. अशा तेलांतील अनेक घटकांचे विघटन मांजराचे यकृत नीट करू शकत नाही आणि अंगावर पडलेले तेल चाटल्याने विषबाधा होऊ शकते. डांबराच्या गोळ्याही मांजरास विषारी असतात.

नखे कापणे

साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांनी नखांची केवळ टोके कापल्यास ओरखड्यांची तीव्रता कमी होते. पंजाची गादी हलके दाबली की नख बाहेर येते; जिव्हाळीच्या पुढचा पांढरट भागच कापला जातो. जिव्हाळी कापली गेल्यास वेदना व रक्तस्राव होतो. वयस्क मांजरे नखे कमी घासतात, त्यामुळे त्यांची नखे वळून पंजाच्या गादीत रुतण्याचा संभव असतो व त्यांची नियमित तपासणी आवश्यक ठरते. नखांवर चिकटवण्याच्या मऊ टोप्याही मिळतात. नखाचे आवरण गळते तेव्हा त्या निघून येतात व पुन्हा लावाव्या लागतात.

भारतात रेबीज आढळत असल्याने मांजराच्या ओरखड्याने माणसास जखम झाल्यास ती साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

नखे काढण्याची शस्त्रक्रिया

या शस्त्रक्रियेत केवळ नख काढले जात नाही. नख हाडापासून वाढत असल्यामुळे प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच कापून काढले जाते. माणसाच्या बाबतीत हे प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर तोडण्यासारखे आहे. लेझर वापरल्यानेही कापला जाणारा भाग तोच राहतो. २०१८ साली 'जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नखे काढलेल्या १३७ व न काढलेल्या १३७ मांजरांची तुलना करण्यात आली. नखे काढलेल्या मांजरांत पाठदुखी, भलत्या ठिकाणी मलमूत्र विसर्जन, चावणे व आक्रमकता यांचे प्रमाण अधिक आढळले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांच्या पंजांत हाडाचे तुकडे राहून गेले होते. नखांऐवजी बोटे वाकवणारे स्नायुरज्जू कापण्याचीही एक पद्धत आहे. तीत नखे वाढतच राहतात, पण मांजर ती वापरू शकत नाही.

कायदेशीर स्थिती

युरोप परिषदेच्या १९८७ च्या पाळीव प्राणी संरक्षणविषयक करारात वैद्यकीय कारणाखेरीज नखे काढण्यास मनाई आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वेस्ट हॉलीवूड शहराने २००३ साली या शस्त्रक्रियेवर बंदी घातली. इस्रायलने २०११ मध्ये तसा कायदा केला. २०१९ मध्ये न्यू यॉर्क हे अशी बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. २०२२ मध्ये मेरीलँडने तिचे अनुकरण केले. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याचा अंगभंग करणे हा क्रूरतेचा प्रकार मानला जातो.