अडखळणारे चित्र आणि सेकंदकाटा

जुना संगणक टीव्हीच्या मागे ठेवायचा, एचडीएमआयची एक केबल जोडायची, की झाले घरगुती चित्रपटगृह तयार. अशी सोय आता पुष्कळ घरांत दिसते. पण तिच्याबरोबर एक तक्रारही हमखास ऐकू येते : चित्र सरळ चालत नाही, गचके खाते. माणसे बसून बोलत असली तर ते लक्षातही येत नाही. पण आगगाडी धावू लागली, किंवा क्रिकेटच्या मैदानावरून कॅमेरा सावकाश फिरू लागला, की डोळ्यांना बोचू लागते.

आमचे एक शिक्षक-मित्र या दुखण्याने बेजार झाले होते. त्यांच्याकडे रविवारी गल्लीतली आठवी-नववीची मुले विज्ञानविषयक माहितीपट पाहायला जमतात. दुकानदाराने आधी मेमरी वाढवायला सांगितली. ती वाढवली, फरक शून्य. मग ‘मशीन जुने झाले, नवेच घ्या’ असा सल्ला मिळाला. नव्या संगणकाचे पैसे म्हणजे त्यांच्या घरातला चांगलाच मोठा खर्च. तो करण्यापूर्वी त्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही बरोबर नेले ते फक्त सेकंदकाट्याचे मनगटी घड्याळ. ‘‘ते कशाला हो?’’ असे सरांनी विचारलेच.

त्याचे कारण असे. नुसता ताप आला म्हणून डॉक्टर औषध देत नाहीत. रोज येतो की एक दिवसाआड, थंडी वाजून येतो का, हे आधी विचारतात. चित्राच्या गचक्यांचेही तसेच आहे. गचका किती मोठा आहे यापेक्षा तो केव्हा केव्हा येतो, हे अधिक बोलके असते. ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा येणारा गचका आणि वेळीअवेळी येणारा गचका ही दोन निरनिराळ्या घराण्यांची दुखणी आहेत. पहिल्यात यंत्र बहुधा ठणठणीत असते, चुकलेले असते ते गणित. दुसऱ्यात कुठेतरी कुणीतरी खरोखरच मागे पडत असते.

आधी गणित पाहू. चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची मालिका, हे आपण जाणतोच. यातल्या एकेका चित्राला चौकट म्हणू. बोलपट आल्यावर, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी असा ठरला. दूरदर्शनसाठी आपल्याकडे आणि युरोपात २५ चौकटींची पद्धत आली, अमेरिकेत ३० ची. या आकड्यांमागे घरातली वीज आहे. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, अमेरिकेतली ६०. सुरुवातीच्या टीव्ही संचांत विजेची गुरगुर चित्रात उतरून पट्टे सरकू नयेत, म्हणून चित्राचा दर विजेशी जुळता ठेवला गेला. त्या अडचणी केव्हाच मिटल्या, पण आकडे मात्र चिकटून राहिले.

आता संगणक टीव्हीला चित्र पाठवतो तेव्हा तो स्वतःच्या ठेक्याने पाठवतो. या ठेक्याला रिफ्रेश रेट म्हणतात. संगणकाच्या जगात हा दर सहसा सेकंदाला ६० असतो. चित्रपट कोणताही असो, पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र मागणार. सरांचे माहितीपट २५ चौकटींचे होते, म्हणजे त्यांची चौकट ४० मिलिसेकंदांनी बदलते. पाचवी-सहावीतले दोन घंटांचे उदाहरण आठवावे : एक घंटा अमुक मिनिटांनी वाजते, दुसरी तमुक मिनिटांनी, तर दोन्ही पुन्हा एकदम केव्हा वाजतील? लसावि काढायचा. इथे उत्तर येते २०० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात चित्रपटाच्या पाच चौकटी होतात आणि पडद्याचे बारा ठेके. बारा ठेके पाच चौकटींत सारखे कसे वाटणार? अर्धा ठेका तर देता येत नाही. म्हणून एका चौकटीला तीन, पुढचीला दोन, मग तीन, दोन, दोन असे वाटप होते. काही चौकटी ५० मिलिसेकंद पडद्यावर राहतात, तर काही केवळ ३३. आगगाडी सारख्या वेगाने धावत असते, पण पडद्यावर ती थबकत-धावत, थबकत-धावत जाते.

डोळ्याला हे इतके का खुपते? सरकत्या वस्तूचा पाठलाग करताना आपली बुबुळे एकसारखी, न थांबता वळत असतात. पुढच्या क्षणी वस्तू कुठे असेल याचा अंदाज डोळ्याने आधीच बांधलेला असतो. चौकट तिथे वेळेवर आली नाही, की अंदाज चुकतो आणि गचका जाणवतो. बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असा पाठलाग नसतो, म्हणून तिथे तक्रारही नसते.

चोवीस चौकटींच्या चित्रपटाचे ६० च्या पडद्यावर काय होते? एका चौकटीला अडीच ठेके येतात, म्हणून तीन-दोन, तीन-दोन असे वाटप करावे लागते. अमेरिकेतल्या टीव्हीवर चित्रपट अनेक दशके असेच दाखवले गेले, आणि तिथल्या प्रेक्षकांना त्याची सवय झाली. चित्रपटगृहातही एक चौकट दोनदा किंवा तीनदा उजळवतात, पण प्रत्येक चौकटीला सारख्याच वेळा. सारे मर्म त्या ‘सारख्याच’ मध्ये आहे.

सरांच्या संगणकाचा रिफ्रेश रेट आम्ही ६० वरून ५० केला. डिस्प्ले सेटिंगच्या प्रगत भागात तो आकडा बदलता येतो आणि भारतात विकले जाणारे टीव्ही सहसा दोन्ही दर घेतात. २५ दुणे ५०. प्रत्येक चौकटीला बरोबर दोन ठेके. आगगाडी सरळ धावू लागली. खर्च, काही नाही.

इथे थोडे विषयांतर करू, कारण यातला सर्वांत मजेदार गचका अजून सांगायचाच आहे. १९५३ साली अमेरिकेत रंगीत दूरदर्शनाचे मानक ठरले. रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून चित्रावर नक्षी उमटू नये म्हणून ३० चा दर हजारात एक इतका खाली आणला गेला. नेमके सांगायचे तर ३० ला १००० ने गुणून १००१ ने भागले. त्यामुळे ३० चे २९.९७ झाले, ६० चे ५९.९४ आणि पुढे चित्रपटाच्या २४ चे २३.९७६. आजही डिस्कवर मिळणारे बहुतेक परदेशी चित्रपट या २३.९७६ च्या दराने असतात. असा चित्रपट नेमक्या २४ च्या पडद्यावर लावला तर? तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित विसंवादी असल्या की आवाजात सावकाश लहर येते. तारांचे अंतर जितके कमी तितकी लहर संथ. तेच इथे घडते. दोन दरांतला फरक सेकंदाला ०.०२४ चौकट, म्हणजे १००१ भागिले २४, अर्थात ४१.७ सेकंदांनी एक चौकट दोनदा दाखवावी लागते. चित्रपट छान चाललेला असतो आणि चाळीसेक सेकंदांनी एक हलका गचका येतो. ६० चौकटींची फीत ५९.९४ च्या पडद्यावर लावली तर हेच अंतर १६.७ सेकंद होते. २०१० च्या सुमाराच्या काही ग्राफिक्स चिपांना २३.९७६ चा दर नेमका साधत नसे, त्या पडद्याला पुरते २४ पाठवत. असा गचका घड्याळाशिवाय सापडणे कठीण. सापडला, की आकडाच रोगाचे नाव सांगतो. कोडीसारख्या काही प्लेअरमध्ये चित्रपटाप्रमाणे पडद्याचा दर आपोआप बदलण्याची सोय असते. ती चालू ठेवावी.

सरांचे दुखणे मात्र एवढ्यावर संपले नव्हते. तासाभराचा माहितीपट लावून आम्ही चहा घेत बसलो. पंचवीस-तीस मिनिटे उत्तम गेली आणि मग चित्र पुन्हा अडखळू लागले. या वेळी त्याला ताल नव्हता. घड्याळाने एवढेच सांगितले, की हे दुसऱ्या घराण्याचे दुखणे आहे.

इथे कामाचा बोजा किती असतो ते पाहावे लागेल. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूला २४ बिट, सेकंदाला २५ चौकटी. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. एवढी माहिती कुणी साठवत नाही. ती दाबून, समजा, ८० लाख बिटांवर आणतात. म्हणजे दीडशे पटींहून लहान करतात. ही युक्ती अशी, की पूर्ण चित्र अधूनमधूनच ठेवायचे आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदलले, काय कुठे सरकले, तेवढेच लिहायचे. पाहताना संगणकाला ही घडी उलगडावी लागते, तीही दर ४० मिलिसेकंदांत एक चौकट या मुदतीत. समजा, एका चौकटीला ४५ मिलिसेकंद लागू लागले. उशीर पाचच मिलिसेकंदांचा, पण तो साचतो. आठ चौकटींत पुरे ४० मिलिसेकंद मागे पडले, की एक चौकट गाळावी लागते. आवाजाला थांबवून चालत नाही, कारण आवाजातला खंड कानाला फारच टोचतो. म्हणून बहुतेक प्लेअर आवाजाचा वेग प्रमाण मानतात आणि चित्राला त्याच्यामागे फरपटत नेतात.

यातून निदानाच्या चांगल्या खुणा मिळतात. आवाज अखंड आणि चित्र अडखळते, तर संशय उलगडण्याच्या कामावर. आवाजही तुटतो, तर माहितीच वेळेवर पोहोचत नसावी. व्हीएलसी प्लेअरमध्ये गळलेल्या चौकटींचा आकडा पाहता येतो. आकडा वाढत असेल तर संगणक मागे पडतो आहे. चित्र गचके खात असून आकडा शून्यच राहिला, तर दोष बहुधा ठेक्याच्या वाटपात. फीत मागे नेऊन तोच भाग पुन्हा पाहावा. गचका त्याच जागी आला तर त्या फितीत, डिस्कच्या त्या भागात किंवा त्या दृश्याच्या अवघडपणात काहीतरी आहे. धबधबा, पाऊस, वाऱ्याने हलणारी पाने ही दृश्ये सर्वांत अवघड, कारण त्यांत सारेच बदलत असते.

फीत वाय-फायवरून येत असेल तर ती संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि तिथून चालवावी. गचके गेले तर दोष रस्त्याचा. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो आणि वाय-फायचा एक पट्टा २.४ चा, नेमके जेवणाच्या वेळी चित्र तुटते, अशी तक्रार म्हणूनच खोटी नसते. नव्या फिती जुन्या संगणकावर रडतात त्याचे कारण आणखी वेगळे. घडी घालण्याच्या पद्धती बदलत गेल्या : एच.२६४ ही २००३ ची, एच.२६५ ही २०१३ ची, एव्ही१ ही २०१८ ची. ज्या पद्धतीसाठी चिपमध्ये खास सोय आहे ती फीत संगणक हसतखेळत चालवतो. नसेल तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. अशा वेळी तीच फीत जुन्या पद्धतीत मिळाली तरी काम भागते.

पण सरांच्या संगणकावर यातले काहीच बसत नव्हते. फीत डिस्कवर होती, पद्धत जुनी एच.२६४ होती आणि पहिली पंचवीस मिनिटे तोच संगणक तेच काम नीट करत होता. पंचवीस मिनिटांत बदलते असे काय? सरांनीच संगणकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. टीव्हीच्या कपाटात, मागच्या बाजूला, हवा खेळायला जागाच नव्हती. ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. वेग उतरला की चौकटीची मुदत चुकते. संगणक बंद करून, तारा काढून उघडला, तर पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता घालवणाऱ्या पत्र्यांत धुळीचा नमदा बसला होता. रंगाच्या मऊ ब्रशने तो काढला. पाती बोटाने धरून ठेवावीत, गरगर फिरू देऊ नयेत. मग संगणक कपाटाच्या बाहेर, वरच्या फळीवर आला. पुढचा पूर्ण तास गळलेल्या चौकटींचा आकडा हलला नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य आम्ही पाळले. मेमरी, केबल, प्लेअर सगळे एकदम बदलले असते तर कशाने गुण आला हे कळलेच नसते.

विद्यार्थ्यांबरोबर करून पाहण्याजोगा एक प्रयोग यात आहे. बऱ्याच मोबाइल फोनमध्ये सेकंदाला २४० चौकटींचे संथगती चित्रण करता येते. ६० च्या दराने चालणाऱ्या टीव्हीवर २५ चौकटींची फीत लावावी, सरकत्या वस्तूचे असे चित्रण करावे आणि ते एकेक चौकट पुढे नेत पाहावे. पडद्याच्या एका ठेक्याला फोनच्या चार चौकटी येतात. वस्तू एका जागी किती चौकटी थांबते ते मोजून लिहीत जावे. १२, ८, १२, ८, ८ अशी रांग मिळायला हवी. एखाद-दुसऱ्या चौकटीचा फरक पडेल, कारण फोनचे घड्याळही पडद्याच्या घड्याळाशी पक्के बांधलेले नसते. मग दर ५० करून पुन्हा मोजावे. सरांकडच्या मुलांनी पुढच्या रविवारी हेच केले, आणि माहितीपट अर्धाच पाहून झाला.