नाव एकाचं, जगणं अनेकांचं

अमेरिकेतल्या माँटाना राज्यात सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांवरून शैवाकांचे (लायकेनचे), म्हणजे बुरशी आणि शैवल यांच्या एकत्र संसाराचे, केसाळ झुपके लोंबत असतात. त्यातलं एक तपकिरी, ब्रायोरिया फ्रेमोंटाय. तिथल्या मूळ रहिवाशांचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं खाणं. जमिनीत खड्डा करून ते त्यात शिजवत. दुसरं पिवळसर, ब्रायोरिया टॉर्टुओसा. त्यात व्हल्पिनिक आम्ल नावाचं विष असतं. दोन वेगळ्या जाती म्हणून त्यांची नोंद झाली होती. पण दोघांमधली बुरशी तपासली तेव्हा ती एकच निघाली, आणि शैवलही एकच. मग एक खाण्याजोगं आणि दुसरं विषारी, हे कसं?

शैवाकांचे अभ्यासक टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. दोन्ही शैवाकांत कोणती जनुकं कामाला लागलेली आहेत हे त्यांनी पाहिलं, पण सुरुवातीला फक्त ओळखीच्या बुरशीची आणि शैवलाची. फरक सापडेना. मग त्यांनी शोध इतर सगळ्या बुरशींपर्यंत वाढवला आणि तिसराच रहिवासी समोर आला. ते एक यीस्ट होतं, अगदी वेगळ्या बुरशीगटातलं, शैवाकाच्या बाहेरच्या सालीत राहणारं. पिवळ्या शैवाकात ते भरपूर होतं, तपकिरीत कमी. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. ते यीस्टच विष बनवतं असं त्यातून सिद्ध झालं नाही. जिथे यीस्ट जास्त तिथे विष जास्त, इतकंच दिसलं. पुढे इतरांनी शोध घेतला तेव्हा अनेक शैवाकांत असं यीस्ट सापडलंही नाही. तरीही ‘एक बुरशी आणि एक शैवल’ ही दीडशे वर्षं शिकवली गेलेली व्याख्या आता पुरेशी वाटत नाही.

आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही शैवाकच. त्याच्या पापुद्र्याचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की वर बुरशीच्या तंतूंची घट्ट वीण दिसते, तिच्याखाली हिरव्या पेशींचा पट्टा, मग पुन्हा बुरशीचेच पांढरे सैल तंतू. बहुतेक सगळं शरीर बुरशीचं. अन्न तयार करणारा भाग तेवढा हिरवा पट्टा.

हे अन्न बुरशीकडे कसं पोचतं, ते मला या साऱ्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं. ट्रेबॉक्सिया हे शैवाकांत वारंवार सापडणारं हिरवं शैवल. शैवाकात राहताना ते आपण बनवलेल्या अन्नातला मोठा वाटा रिबिटॉल या शर्करा-अल्कोहोलाच्या रूपात बाहेर सोडतं. बुरशी ते शोषते आणि त्याचं मॅनिटॉल करून टाकते. मॅनिटॉल शैवलाला परत वापरता येत नाही, म्हणजे साठा बुरशीच्याच ताब्यात राहतो. हिरव्या शैवलाऐवजी नोस्टॉक हा सायनोबॅक्टेरिया असेल, तर तो ग्लुकोज देतो आणि वर हवेतला नायट्रोजनही पकडून देतो. काही शैवाकांत दोघेही एकत्र नांदतात.

हे सहजीवन आहे असं पहिल्यांदा मांडलं, ते स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी, १८६७ मध्ये. त्यांच्या मते बुरशी मालक होती आणि शैवलं तिची गुलाम. त्या काळचे मोठे शैवाकतज्ज्ञ यावर संतापले. पॅरिसमध्ये राहणारे फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी तर हे अखेरपर्यंत मानलं नाही. तरीही मला नायलँडर यांच्याबद्दल आदरच वाटतो. शैवाकावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या रसायनाचा थेंब टाकून रंग बदलतो का ते पाहायचं, ही ओळखीची रीत त्यांनी रुळवली, आणि ती आजही वापरली जाते. पॅरिसमधून शैवाकं नाहीशी होत आहेत, पण लक्झेंबर्ग बागेत ती टिकून आहेत, हे त्यांनी १८६६ मध्येच लिहून ठेवलं. शैवाकाला मुळं नसतात आणि पानावर असतो तसा मेणाचा थरही नसतो. हवेतलं आणि पावसातलं जे येईल ते सगळ्या अंगाने शोषलं जातं. म्हणून शहराच्या दूषित हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचा तडाखा त्याला लवकर बसतो.

वर्गीकरणाचा पेच मात्र श्वेंडेनर बरोबर ठरल्यानेच उभा राहिला. इतक्यांच्या संसाराला नाव कुणाचं द्यायचं? १९५० च्या सुमारास नियम ठरला की शैवाकाचं शास्त्रीय नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव. शैवलाचं नाव वेगळं. हा नियम सोयीचा आहे, पण तो खूप काही झाकतो. स्टिक्टा या प्रजातीत एकच बुरशी हिरव्या शैवलाबरोबर रुंद, पानासारखी वाढते आणि सायनोबॅक्टेरियाबरोबर बारीक झुडपासारखी. ही दोन्ही रूपं निरनिराळ्या प्रजातींत घातली गेली होती. याच्या उलटही घडतं. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातलं कोरा हे शैवाक बराच काळ एकच जात मानलं गेलं. २०१४ मध्ये डीएनए तपासल्यावर त्याच्या किमान १२६ जाती निघाल्या, आणि त्या सगळ्या बुरशीच्या. जगात शैवाकांच्या सुमारे २०,००० जाती आहेत असं म्हणतात. हा आकडा कोरासारख्या उदाहरणांपुढे तात्पुरताच म्हणायचा.

आपल्या सह्याद्रीत हा पेच झाडाच्या सालीवरच पाहायला मिळतो. गुळगुळीत खोडांवर पांढुरक्या डागात काळ्या रेघोट्या दिसतात, कुणी बोरूने अक्षरं गिरवल्यासारख्या. हे ग्राफिस. त्या रेघा म्हणजे बुरशीची बीजाणू बनवणारी फळं. नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसणारी ही शैवाकं जातिनिहाय वेगळी करायला बीजाणूंचे कप्पे मोजावे लागतात, रसायनं तपासावी लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखिजा यांनी हे चिकाटीचं काम वर्षानुवर्षं केलं आणि पश्चिम घाटातल्या कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. ग्राफिसमधलं शैवल ट्रेंटेपोहलिया असतं. बुरशीविनाही ते राहू शकतं. कोकणात आणि गोव्यात ओल्या भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर जो केशरी मखमली थर चढतो, तो पुष्कळदा याच शैवलाचा असतो.

उन्हाळ्यात ही सारी शैवाकं कोरडी ठक्क होतात आणि त्यांचं जगणं जवळजवळ थांबतं. पाणी मिळताच काही मिनिटांत ती पुन्हा कामाला लागतात. हिरवं शैवल असलेल्या अनेकांना तर नुसती दमट हवाही पुरते. सायनोबॅक्टेरियावाल्यांना मात्र खरंखुरं पाणीच लागतं. कोणतं शैवाक धुक्याच्या कड्यावर आणि कोणतं ओघळाच्या वाटेवर, हे अशा फरकांवरही ठरतं.

मसाल्याच्या बाजारात येणारं बरंचसं दगडफूल हिमालयातल्या जंगलांतून ओरबाडलेलं असतं. त्याची शेती होत नाही, आणि पानासारखी शैवाकंही वर्षाला फार तर काही मिलिमीटर वाढतात. एक मूठ गोळा केली की तेवढीच परत येण्यासाठी कित्येक वर्षं जावी लागतात. उत्तराखंडच्या वनविभागाने २०२० मध्ये मुनस्यारीला खास शैवाकांचं उद्यान उभं केलं, ते योग्यच झालं. पण बाजारातल्या एका पुडीतही पार्मोट्रेमा, एव्हर्निअॅस्ट्रम, रामालिना, उस्निया अशा निरनिराळ्या प्रजाती मिसळलेल्या असतात. सगळ्यांची विक्री ‘दगडफूल’ म्हणूनच होत असल्याने त्यातली कोणती जात कुठल्या जंगलातून किती उचलली जाते, याची जातवार नोंदच होत नाही. आणि ती होईपर्यंत कशाची तोड थांबवायची हेही ठरवता येणार नाही.