दगडफुलाचे केसाळ सोयरे

उन्हाळ्याच्या तोंडावर लालबागच्या मिरची गल्लीत वर्षभराच्या मसाल्याचे जिन्नस घेतले जातात, तेव्हा मिरच्या, धणे, तमालपत्राबरोबर दगडफूलही पिशवीत पडते. मालवणी मसाला असो की गोडा, त्याला तो खास रानवट वास या राखाडी-काळ्या पापुद्र्यांमुळे येतो. दगडफूल हे फूल नाही आणि रूढ अर्थाने वनस्पतीही नाही. ते शैवाक आहे. बाजारातल्या मालात मुख्यतः पार्मोट्रेमा प्रजातीच्या पसरट जाती असतात. मात्र हिमालयातल्या झाडांवरून गोळा होणाऱ्या या मालात इतर शैवाकेही मिसळलेली असतात आणि त्यांत उस्निया प्रजातीचे हिरवट-पिवळे तंतू सापडतात. हे तंतू केसाळ शैवाकांचे. उत्तर युरोप, सायबेरिया, कॅनडा आणि हिमालयाच्या थंड जंगलांत या गटाची शैवाके झाडांच्या फांद्यांवरून लोंबतात. ती ओळखणे हे शैवाकशास्त्रातले एक अवघड काम आहे.

शरीराची घडण

शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांचे सहजीवन. कवक आधार देते आणि पाणी धरून ठेवते; शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये हे दुहेरी स्वरूप मांडले. त्याआधी, 1753 मध्ये, लिनिअस यांनी सगळी शैवाके ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत घातली होती. त्यांचे शिष्य एरिक अ‍ॅकॅरिअस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिची अनेक प्रजातींत विभागणी केली. शैवाकाला दिले जाणारे शास्त्रीय नाव हे त्यातल्या मुख्य कवकाचे नाव असते.

वाढीच्या ढबीवरून शैवाकांचे तीन ढोबळ गट पडतात. कवचरूपी शैवाके सालीला किंवा दगडाला घट्ट चिकटतात. पर्णरूपी शैवाके पापुद्र्यांसारखी पसरतात. दगडफूल या गटातले. तिसरा गट झुडूपरूपी शैवाकांचा. त्यांतली जी बारीक, लांब, फांद्या फुटलेल्या तंतूंनी बनलेली असतात, ती केसाळ शैवाके. उस्निया, अलेक्टोरिया आणि ब्रायोरिया या त्यांच्या प्रमुख प्रजाती असून त्या पार्मेलिएसी कुलात, म्हणजे दगडफुलाच्याच कुलात, मोडतात.

पहिली पायरी : रंग आणि दोरा

ओळख पटवताना प्रथम रंग पाहतात. उस्निया आणि अलेक्टोरिया यांचा रंग हिरवट-पिवळा असतो. तो बाह्य थरातल्या उस्निक आम्लामुळे येतो. ब्रायोरियाचे तंतू तपकिरी ते काळपट असतात. गडद रंगद्रव्य प्रखर उन्हापासून आतल्या शैवलाचे रक्षण करते. मात्र केवळ रंगावर विसंबून चालत नाही. सावलीत वाढलेली ब्रायोरिया फिकट दिसते आणि संग्रहालयात वर्षानुवर्षे ठेवलेली उस्निया लालसर पडते.

म्हणून दुसरी परीक्षा लगेच करावी लागते. ओलसर तंतू दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणायचा. उस्नियाचे बाहेरचे आवरण तडकते आणि आतून विजेच्या वायरीतल्या तारेसारखा पांढरा, लवचिक दोरा दिसतो. हा दोरा घट्ट विणलेल्या कवकतंतूंचा असतो. अलेक्टोरिया आणि ब्रायोरियात तो नसतो. दोऱ्याची जाडी, त्याभोवतीच्या थराचा सैलपणा आणि त्याचा रंग यांवरून उस्नियाच्या जातींमध्येही फरक करता येतो.

दुसरी पायरी : भिंगाखालचा पृष्ठभाग

दहापट मोठे दाखवणारे हातभिंग पुढची माहिती देते. अलेक्टोरियाच्या पृष्ठभागावर पांढरे, लांबट, किंचित उंचावलेले व्रण असतात. तेथे बाह्य थर फाटून हवा आत जाते. ब्रायोरियातही असे व्रण अनेक जातींत असतात, पण ते दबलेले आणि अस्पष्ट असतात. व्रण किती लांब, सरळ की पिळदार, यालाही महत्त्व असते. हिमालयात आढळणाऱ्या सल्केरिया प्रजातीच्या तंतूंवर लांबच लांब खाचा असतात, त्यामुळे ती चटकन वेगळी काढता येते.

त्यानंतर पुनरुत्पादनाच्या खुणा शोधतात. काही जातींच्या तंतूंवर पिठूळ पुंजके येतात. त्यांतल्या प्रत्येक कणात कवक आणि शैवल दोन्ही असतात. काहींवर बारीक काटे उगवतात. कवकाची बशीच्या आकाराची फळे उस्नियाच्या अनेक जातींत सहज दिसतात, ब्रायोरियात ती क्वचितच येतात. बहुतेक केसाळ शैवाके तुटलेल्या तुकड्यांतूनच पसरतात.

तिसरी पायरी : रासायनिक कसोटी

दिसायला सारख्या जाती वेगळ्या करण्यासाठी रसायनांची मदत घेतात. फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये कॉस्टिक पोटॅश आणि ब्लीच यांच्या थेंबांचा वापर सुरू केला. जपानच्या यासुहिको असाहिना यांनी 1934 मध्ये पॅराफिनिलिनडायमाइनची भर घातली. केसांच्या कलपातही वापरले जाणारे हे रसायन त्वचेला अपायकारक असल्याने ते जपूनच हाताळावे लागते.

थेंब टाकल्यावर येणारा रंग तंतूमध्ये कोणते आम्ल आहे ते सांगतो. ब्रायोरिया फुस्केसेन्सच्या पिठूळ पुंजक्यांवर पॅराफिनिलिनडायमाइन टाकले की लाल रंग येतो, कारण त्यांत फ्युमारप्रोटोसेट्रारिक आम्ल असते. ब्रायोरिया कॅपिलॅरिस पोटॅशने पिवळी आणि ब्लीचने गुलाबी होते. थेंबांनी उत्तर मिळाले नाही, तर थिन लेअर क्रोमॅटोग्राफी करतात. शैवाकाचा अर्क काचेच्या लेपित पट्टीवर चढू दिला की त्यातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर थांबतात आणि आम्लांची ओळख पटते.

नावे का बदलतात

तपकिरी केसाळ शैवाके बराच काळ अलेक्टोरियातच गणली जात. अर्विन ब्रोडो आणि डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी 1977 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या या गटाची सविस्तर पाहणी प्रसिद्ध केली आणि ब्रायोरिया ही प्रजाती स्वतंत्र केली. पुढे 1995 मध्ये लालसर तपकिरी जातींसाठी नोडोब्रायोरिया वेगळी काढण्यात आली. तिच्या पृष्ठपेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींत नागमोडी गुंतलेल्या दिसतात आणि तिच्यात ब्रायोरियाची नेहमीची आम्ले नसतात.

डीएनए तपासणीने हा प्रश्न सुटण्याऐवजी आणखी खोल झाला. ब्रायोरिया फ्रेमोंटाय तपकिरी आणि निरुपद्रवी आहे. वायव्य अमेरिकेतल्या आदिवासी जमाती ती धुऊन, जमिनीतल्या खड्ड्यात भाजून खात आल्या आहेत. ब्रायोरिया टॉर्टुओसा पिवळसर असते आणि तिच्यात विषारी व्हल्पिनिक आम्ल भरपूर असते. तरीही दोघींच्या मुख्य कवकाचा डीएनए वेगळा काढता येत नाही. 2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले, की या शैवाकांच्या बाह्य थरात आणखी एक यीस्टवर्गीय कवक राहते आणि पिवळ्या नमुन्यांत त्याचे प्रमाण जास्त असते. म्हणजे रंग आणि विष यांवरून पाडलेल्या दोन जाती मुख्य कवकाच्या पातळीवर एकच ठरतात. तपकिरी ब्रायोरियांच्या इतर काही जातींतही आम्लांनी आखलेल्या सीमा आणि डीएनएने आखलेल्या सीमा जुळत नाहीत. एकाच लक्षणावर बेतलेले नाव म्हणूनच टिकत नाही.

महाराष्ट्रातले केसाळ शैवाक

ब्रायोरिया आणि अलेक्टोरिया थंडी मागतात. भारतात त्यांचे घर हिमालय. उस्निया मात्र सह्याद्रीतही आहे. घाटमाथ्यावरच्या धुके आणि पावसाच्या जंगलांत तिचे झुबके फांद्यांवर दिसतात. उस्निया घाटेन्सिस या जातीचे नावच पश्चिम घाटावरून पडले आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या शैवाकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. उस्निया घाटेन्सिस तिथे प्रयोगशाळेत वाढवून तिच्या जंतुरोधक गुणांची तपासणीही झाली. संस्थेतल्या आजरेकर कवक संग्रहालयात शैवाकांचे नमुने जतन केलेले आहेत. नव्या नमुन्याचे नाव ठरवताना त्यांच्याशी तुलना करता येते.

मुंबई शहरात मात्र केसाळ शैवाके उगवत नाहीत. कोकणपट्टीत नारळ-आंब्याच्या खोडांवर दिसणारे पांढुरके डाग कवचरूपी शैवाकांचे असतात. केसाळ शैवाकांना मूळ नसते, संरक्षक त्वचा नसते. पाणी आणि क्षार ती थेट हवेतून आणि पावसातून घेतात. त्यामुळे हवेतला सल्फर डायऑक्साइडही तितक्याच सहज आत शिरतो आणि शैवलाचे हरितद्रव्य नष्ट होते. नायलँडर यांनी 1866 मध्येच पॅरिस शहरातून शैवाके नाहीशी होत असल्याचे नोंदवले होते. परळ-लालबागच्या गिरणगावात दशकानुदशके कोळशाचा धूर सोडला गेला. समुद्रसपाटीचा उष्मा तर त्याआधीपासून आहेच. केसाळ शैवाके जिथे भरघोस दिसतात, तिथली हवा स्वच्छ असते, हे विधान जगभर पडताळले गेले आहे.

नमुना घेताना

ओळखीची खरी सुरुवात नमुना उचलताना होते. झाडाची जात, फांदी की खोड, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि ठिकाण यांची चिठ्ठी सोबत नसेल, तर सूक्ष्मदर्शक आणि रसायनेही अपुरी पडतात. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता कागदी पाकिटात सावलीत सुकवायचा, नाहीतर त्यावर बुरशी चढते. ओळख प्रजातीपर्यंतच पटत असेल, तर तिथेच थांबणे शास्त्राला धरून असते.

शैवाके अतिशय सावकाश वाढतात. कॅनडाच्या डोंगराळ भागातले कॅरिबू हिवाळ्यात याच केसाळ शैवाकांवर जगतात आणि ती पुरेशी केवळ जुन्या जंगलांतच मिळतात. महाबळेश्वर किंवा हिमालयाच्या वाटेवर अशी शैवाके दिसली, तर वादळाने खाली पाडलेला एखादा तुकडा अभ्यासासाठी उचलावा. फांदीवरचे झुबके ओरबाडू नयेत.