घरगुती सुगंधी स्नान-उत्पादनांची विक्रीपूर्व चाचणी

घरी किंवा लघुउद्योगात तयार केलेले सुगंधी साबण, उटणे, अंगाचे तेल, मलम इत्यादी पदार्थ विक्रीस ठेवण्यापूर्वी त्यांची सुरक्षितता, टिकाऊपणा आणि शुद्धता तपासण्याच्या प्रक्रियेस विक्रीपूर्व चाचणी म्हणतात. एखादा पदार्थ घरातील माणसांना सोसला, एवढ्यावरून तो सर्वांना सोसेल असे ठरत नाही. या चाचणीची गरज त्यातूनच निर्माण होते.

पार्श्वभूमी

रत्नागिरी आणि गणपतीपुळे यांना जोडणाऱ्या किनारी मार्गावर आरे आणि वारे ही जोडगावे असून तेथील समुद्रकिनारे पर्यटकांच्या परिचयाचे आहेत. या परिसरात नारळ, कोकम, जायफळ, दालचिनी आणि लवंग यांची लागवड होते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कचोरा इत्यादींचे उटणे करण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. घरगुती सुगंधी पदार्थांसाठी लागणारा बराचसा कच्चा माल त्यामुळे कोकणात सहज मिळतो. मात्र कच्चा माल नैसर्गिक आहे म्हणून तो त्वचेला निरुपद्रवी ठरतोच असे नाही.

साबणातील अल्क

तेल आणि सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, यांच्या अभिक्रियेतून साबण व ग्लिसरीन तयार होते. या क्रियेस साबणीकरण म्हणतात. प्रत्येक तेलास लागणारे सोड्याचे प्रमाण वेगळे असते. १ किलो खोबरेल तेलाच्या पूर्ण साबणीकरणास सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो. त्वचेस सौम्य साबण मिळावा म्हणून सामान्यतः ५ टक्के सोडा कमी घेतात, म्हणजे सुमारे १७४ ग्रॅम. हे प्रमाण चुकून सोडा जास्त झाल्यास न वापरला गेलेला सोडा वडीत राहतो व त्वचा भाजते. म्हणून तेल आणि सोडा मापाने न घेता काट्यावर तोलून घ्यावे लागतात.

थंड पद्धतीच्या साबणाच्या वड्या सामान्यतः ४ ते ६ आठवडे सुकवतात. चांगल्या साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो. साबण स्वभावतःच अल्कधर्मी असल्याने त्याच्या पाण्यातील द्रावणात फेनॉल्फ्थॅलीन घातल्यास गुलाबी रंग येतो. केवळ या रंगावरून मोकळा सोडा उरला आहे असे म्हणता येत नाही. तो मोजण्यासाठी प्रयोगशाळेत साबण उदासीन अल्कोहोलमध्ये विरघळवून तपासतात.

सुगंधी द्रव्ये

दालचिनीच्या तेलातील सिनॅमाल्डिहाइड, लवंगेच्या तेलातील युजेनॉल, तसेच अनेक फुलांच्या तेलांतील लिनॅलूल ही द्रव्ये काही व्यक्तींच्या त्वचेस ॲलर्जी निर्माण करू शकतात. दाबून काढलेल्या लिंबू व बर्गमॉट तेलांतील काही घटक ऊन लागल्यावर त्वचेवर डाग किंवा दाह निर्माण करतात. किनाऱ्यावर उन्हात वापरल्या जाणाऱ्या अंगाच्या तेलात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. साबण लगेच धुतला जातो, तर तेल व मलम त्वचेवर राहतात. त्यामुळे एकाच सुगंधाची मर्यादा या दोन्ही प्रकारांत वेगवेगळी असते. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना अशा मर्यादा प्रसिद्ध करते. युरोपीय संघात ठराविक सुगंधी घटकांचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. त्वचेवर राहणाऱ्या पदार्थात हे प्रमाण ०.००१ टक्के व धुतल्या जाणाऱ्या पदार्थात ०.०१ टक्के ओलांडल्यास ही अट लागू होते.

त्वचेवरील चाचणी

कोपराच्या आतील बाजूस थोडा पदार्थ लावून २४ ते ४८ तास निरीक्षण करण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. तीव्र दाह होतो का, हे तिने काही अंशी कळते. मात्र ॲलर्जी पुष्कळदा वारंवार संपर्क आल्यानंतर उद्भवते. म्हणून चार-पाच परिचितांना काही झाले नाही, ही सुरक्षिततेची खात्री ठरत नाही. विश्वासार्ह त्वचाचाचणी त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सहभागी व्यक्तींच्या संमतीने होते. भारतात २०१४ पासून प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी करण्यास बंदी आहे.

जंतू व टिकाऊपणा

पाणी असलेल्या पदार्थात जंतू व बुरशी वाढू शकतात. गुलाबपाणी, नारळाचे दूध, ताज्या फुलांचा लगदा असलेले पदार्थ आणि मलमे यांत परिरक्षक लागतो व सूक्ष्मजीव-चाचणी आवश्यक ठरते. आयएसओ १७५१६ या मानकानुसार सर्वसाधारण प्रसाधनाच्या १ ग्रॅममध्ये जंतूंची संख्या १००० पेक्षा अधिक नसावी. तीन वर्षांखालील मुलांच्या व डोळ्यांच्या भागात वापरायच्या पदार्थांसाठी ही मर्यादा १०० आहे. तेलात पाणी नसले तरी ओल्या हाताने वापरल्यास ते दूषित होऊ शकते.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत साबणातील ग्लिसरीन ओलावा शोषते आणि वडीला घाम फुटतो. तेल खवट झाल्यास वडीवर नारिंगी डाग दिसतात. उन्हाळ्यात तयार केलेला नमुना पावसाळ्यात कसा राहतो हे पाहिल्याशिवाय त्याची वापरमुदत ठरवणे धोक्याचे असते. त्यासाठी नमुने थंड जागी, खोलीत, उन्हात आणि सुमारे ४० अंश सेल्सियस तापमानात काही महिने ठेवून रंग, गंध व पोत यांची नोंद केली जाते.

कायदा

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यातील व्याख्येतून साबण मुळात वगळला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ही सूट रद्द झाली. सध्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू असून विक्रीसाठी उत्पादन करण्यास राज्य परवाना प्राधिकरणाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरमुदत आणि घटकांची यादी द्यावी लागते. सुरक्षिततेच्या तपासणीसाठी भारतीय मानक ४०११, तर सूक्ष्मजीव-चाचणीसाठी १४६४८ हे मानक आहे. उटणे आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचे असल्यास त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

नोंदी

प्रत्येक घाण्यातील घटकांची वजने, तारीख आणि तपासणीचे निष्कर्ष लिहून ठेवल्यास तक्रार आल्यावर दोष कोणत्या घाण्यात आहे हे शोधता येते आणि तेवढाच माल परत मागवता येतो. नोंद नसल्यास संपूर्ण साठा संशयास्पद ठरतो.