व्यापारशास्त्राचे उच्च शिक्षण : प्रवेश, नोंदणी व नियम

व्यापारी मनुष्य माल घेताना नमुना पाहतो, ओल पाहतो, वजन पाहतो, आणि मुदत, बारदान व हमाली यांचा खुलासा झाल्यावाचून सौदा पक्का करीत नाही. परंतु आश्चर्य असे की, तोच मनुष्य मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाकरिता लाखाच्या घरात रक्कम मोजताना विद्यापीठाची नियमावली उघडूनही पाहात नाही. फी भरली, पावती घेतली, की आपले कर्तव्य संपले असे तो समजतो. पुढे हजेरी कमी पडली, अर्जाची तारीख टळली, किंवा एखादा दाखला वेळेवर मिळाला नाही, म्हणजे वर्ष वाया जाते आणि मग धावाधाव सुरू होते.

आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. आमचे आयुष्य धान्याच्या घाऊक व्यापारात गेले. तथापि घरातील व आप्तेष्टांच्या मुलामुलींचे अर्ज भरण्याच्या निमित्ताने या नियमांचा जो परिचय आम्हांस घडला, तो आपल्या व्यापारी बंधुभगिनींपुढे सोप्या शब्दांत ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विद्येचा थोडा पूर्वेतिहास

पूर्वी व्यापाराचे शिक्षण पेढीवरच होत असे. रोजमेळ, खतावणी, हुंडी व व्याजाचा हिशेब मुलगा वडिलांच्या शेजारी बसून शिके. १९१३ साली मुंबईस सिडनहॅम महाविद्यालय निघाले व वाणिज्य ही महाविद्यालयीन विद्या झाली. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय प्रबंध संस्था स्थापन झाल्या. १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था निघाली. आपल्या बाजूस १९६४ साली इंदूर विद्यापीठ, म्हणजेच पुढे देवी अहिल्या या नावाने ओळखले जाऊ लागलेले विद्यापीठ, अस्तित्वात आले. १९६९ मध्ये त्याची व्यवस्थापन-शिक्षणाची संस्था सुरू झाली, आणि १९९६ साली इंदुरातच भारतीय प्रबंध संस्थाही आली.

बऱ्हाणपूरची स्थिती थोडी वेगळी आहे. आपण मध्य प्रदेशात, परंतु भुसावळ-जळगाव आपल्या उंबरठ्यावर. यामुळे आपली मुले इंदूरकडे जातात तशी जळगाव, पुणे व मुंबईकडेही जातात. त्यातच २०२४ साली खरगोन येथे क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ स्थापन होऊन निमाडातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. तेव्हा एकाच घरातील थोरल्या मुलाची गुणपत्रिका एका विद्यापीठाची आणि धाकट्याची दुसऱ्या, असा प्रकार आता सहज घडणार. म्हणून कोणताही अर्ज भरण्यापूर्वी गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचे नाव आहे, हे प्रथम पाहावे. पुढील सर्व दाखले त्याच विद्यापीठाकडून मागावयाचे असतात.

प्रवेश

एम. बी. ए. करिता किमान तीन वर्षांची पदवी व तीत ५० टक्के गुण आवश्यक असतात. राखीव प्रवर्गांस ही मर्यादा ४५ टक्के आहे. पदवी वाणिज्याचीच असली पाहिजे असा नियम नाही. याखेरीज प्रवेशपरीक्षा असते. प्रबंध संस्थांकरिता 'कॅट', अनेक इतर संस्थांकरिता 'सीमॅट', आणि महाराष्ट्रातील संस्थांकरिता त्या राज्याची स्वतंत्र 'सीईटी'. आपली मातृभाषा मराठी असली, तरी अधिवासाने आपण मध्य प्रदेशाचे आहोत. महाराष्ट्रात अर्ज करताना आपली मुले परप्रांतीय गटात मोडतात आणि त्यांच्याकरिता जागांचे नियम निराळे असतात. भाषेच्या आपलेपणावर विसंबून हा रकाना चुकीचा भरू नये.

एम. कॉम. संबंधी एक नवीन गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची अशी दोन प्रकारची झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली आखून दिलेल्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीनंतर एम. कॉम. सारखा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर चार वर्षांच्या पदवीनंतर तो एक वर्षाचाही असू शकतो. आपल्या विद्यापीठाने हे कितपत अंगीकारले आहे, याची चौकशी पदवीच्या तिसऱ्या वर्षातच करावी; चौथे वर्ष करावे की न करावे, हा निर्णय त्यावर अवलंबून राहतो.

प्रवेश म्हणजे नोंदणी नव्हे

विसार दिला म्हणजे माल वखारीत आला असे होत नाही. तद्वतच फी भरून प्रवेश मिळाला म्हणजे नोंदणी झाली असे होत नाही. पहिली पायरी प्रवेशाची, दुसरी नामांकनाची, म्हणजे विद्यापीठाच्या दप्तरी विद्यार्थ्याचे नाव व क्रमांक चढण्याची, तिसरी प्रत्येक सत्राच्या आरंभी विषयांच्या नोंदणीची, आणि चौथी परीक्षेच्या अर्जाची. या चारही पायऱ्यांच्या तारखा वेगळ्या, आणि बहुधा शुल्कही वेगळे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात चार सत्रे असतात. अर्थात विषय-नोंदणी व परीक्षेचा अर्ज हे चार-चार वेळा करावे लागतात.

एका विद्यापीठातून दुसऱ्यात जावयाचे असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र लागते, आणि महाराष्ट्रातील विद्यापीठे त्याशिवाय पात्रतेची स्वतंत्र तपासणी करतात. आमच्या पाहण्यात जितकी वर्षे अडली, त्यांतील पुष्कळशी या एका कागदापायी अडली. निकाल लागताच त्याच आठवड्यात स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज द्यावा.

विषय-नोंदणीचे स्वरूप असे असते : पहिल्या वर्षी हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विपणन, मनुष्यबळ इत्यादि विषय सर्वांस अनिवार्य असतात. दुसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडून एखाद्या शाखेत, जसे वित्त किंवा विपणन, विशेष प्रावीण्य मिळवावयाचे असते. काही ऐच्छिक विषयांस पूर्वअट असते; पहिला विषय उत्तीर्ण झाल्याखेरीज दुसरा घेता येत नाही. सत्र सुरू झाल्यावर विषय बदलण्यास थोड्या दिवसांची मुदत कित्येक ठिकाणी मिळते. ती टळली की निवडलेला विषय सत्रभर पदरी राहतो. सोबत्याने घेतला म्हणून विषय घेणे म्हणजे शेजाऱ्याने तूर भरली म्हणून आपणही भरण्यासारखे आहे.

श्रेयांकांचा हिशेब

हल्ली गुणांऐवजी 'क्रेडिट', म्हणजे श्रेयांक, हे मोजमाप आले आहे. वडील मंडळी येथे गोंधळतात. वास्तविक हा हिशेब आपल्या नित्य परिचयाचा आहे. आठवड्यास एक तास याप्रमाणे पंधरा आठवडे शिकविले, म्हणजे एक श्रेयांक. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे साठ तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिकास दोन तासांचा एक तास धरतात.

प्रत्येक विषयात मिळालेल्या श्रेणीस अंक असतात. आयोगाच्या दहा अंकी पद्धतीत सर्वोच्च 'ओ' श्रेणीस १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६, 'सी'ला ५, 'पी'ला ४ आणि अनुत्तीर्णास शून्य. समजा, एका विद्यार्थ्यास चार श्रेयांकांच्या हिशेबशास्त्रात ८, चार श्रेयांकांच्या अर्थशास्त्रात ६ आणि दोन श्रेयांकांच्या संभाषणकलेत १० अंक मिळाले. साधी सरासरी काढली तर ८ येते, परंतु ती खरी नव्हे. ४० पोती एका भावाची, ४० दुसऱ्या भावाची व २० तिसऱ्या भावाची असली, तर आपण तीन भावांची बेरीज करून तीनने भागत नाही; पोत्यांनी भाव गुणतो. तसेच येथे ३२, २४ व २० मिळून ७६ झाले. त्यांस एकूण १० श्रेयांकांनी भागले असता ७.६ हा खरा सत्रांक आला. यावरून उघड होते की, मोठ्या श्रेयांकांचा विषय सांभाळणे अधिक महत्त्वाचे आहे. या अंकांचे टक्के करण्याचे सूत्र विद्यापीठागणिक वेगळे असते. एकाचे सूत्र दुसऱ्यास लावू नये.

मिळविलेले श्रेयांक जमा ठेवण्यासाठी २०२१ साली 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' निघाली. ती विद्यार्थ्याची खतावणीच म्हणावी. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक नियमानुसार दुसऱ्या संस्थेत धरता येतात, मात्र त्यांची ग्राह्यता कमाल सात वर्षे असते. खाते उघडताना नाव व जन्मतारीख आधार-पत्राप्रमाणेच आहे, हे तपासावे. आपल्याकडे आडनावाच्या ठिकाणी कधी 'जैन' आणि कधी कुलाचे आडनाव लावण्याची चाल असल्यामुळे हा घोटाळा आपल्या समाजात फार होतो.

हजेरी आणि दुकान

आता नाजूक विषयाकडे येतो. नाव महाविद्यालयात आणि मुलगा गादीवर, अशी व्यवस्था कित्येक घरांतून चालत आली आहे. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट असते व ती न भरल्यास परीक्षेस बसू देत नाहीत. साठ तासांच्या विषयात पंधरा तासांहून अधिक गैरहजेरी झाली, की ही मर्यादा ओलांडली. हंगामात महिनाभर मुलास दुकानी बसविले, म्हणजे हे पंधरा तास केव्हाच संपतात. शिवाय अंतर्गत चाचण्यांचे गुण वेगळेच बुडतात. पर्युषण व दशलक्षण पर्वे नेमकी पहिल्या सत्राच्या मध्यास येतात. उपवास किंवा धार्मिक कार्यामुळे रजा हवी असल्यास विभागप्रमुखांकडे आगाऊ लेखी अर्ज द्यावा. चाचणी होऊन गेल्यावर केलेल्या विनंतीस बळ राहात नाही.

ज्यांना दुकान सोडणे शक्य नाही, त्यांच्याकरिता दूरशिक्षणाचा सरळ मार्ग आहे. १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ तसेच आयोगाची मान्यता असलेल्या इतर संस्था हे शिक्षण देतात, आणि अशा मान्यताप्राप्त पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या असल्याचे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. त्याच वर्षापासून एका वेळी दोन पदव्या घेण्याची मुभाही मिळाली आहे, मात्र दोन्ही प्रत्यक्ष वर्गाच्या असल्यास त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. विवाहानंतर शिक्षण थांबलेल्या आमच्या लेकीसुनांना हा मार्ग विशेष उपयुक्त आहे, आणि सासरच्या मंडळींनी तो मोकळा ठेवावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे. संस्थेस आयोगाची मान्यता त्या सत्रापुरती आहे की नाही, हे मात्र प्रवेशापूर्वी अवश्य पाहावे.

अपयश व प्रामाणिकपणा

एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास घाबरण्याचे कारण नाही. मर्यादित विषय राहिले तर पुढील सत्रात बसण्याची मुभा असते. यालाच विद्यार्थी 'ए.टी.के.टी.' म्हणतात. मात्र अभ्यासक्रम पूर्ण करण्यास कमाल मुदत असते, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांच्या अभ्यासास चार वर्षे. उसनवार साचत गेली म्हणजे मुदतीअंती पेढी बसते, तसेच येथेही होते.

शेवटी प्रबंध लिहावयाचा असतो. तो विकत आणण्याची किंवा उतरवून काढण्याची खोड काही ठिकाणी शिरली आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. १० ते ४० टक्के असल्यास प्रबंध पुन्हा लिहून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांस एक वर्षाची बंदी, आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. अचौर्याचे व्रत मानणाऱ्या घरांतील मुलांना यावर अधिक सांगण्याची गरज नसावी.

फी परत मिळण्याचे नियम

ही माहिती व्यापाऱ्यास सर्वांत जवळची. २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढून घेतल्यास पूर्ण फी परत मिळते. त्यातून फीच्या ५ टक्के, पण कमाल ५,००० रुपये, इतकाच खर्च कापता येतो. त्या तारखेपूर्वी १५ दिवसांहून कमी अवधी असल्यास ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि नंतर काही नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत करावयाची असते. काही वर्षांकरिता आयोग याहून सवलतीची परिपत्रकेही काढतो. त्या त्या वर्षाचे परिपत्रक पाहावे.

मूळ दाखले अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेस नाही. आमच्या एका पुतण्यास दुसरीकडे चांगली जागा मिळाली, तेव्हा पहिल्या संस्थेने, तिचे नाव येथे घेत नाही, फी तर नाहीच, पण गुणपत्रिकाही देण्याचे नाकारले. आम्ही अधिसूचनेची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली, व आयोगाकडे तक्रार करण्याचा मनोदय नम्रपणे कळविला. आठवड्याभरात दाखले व नियमाप्रमाणे रक्कम परत आली. तोंडी हुज्जतीने हे काम झाले नसते.

तात्पर्य, प्रत्येक घराने एक साधी वही करावी. तीत अंतिम तारखा, भरलेले शुल्क, पावतीचा क्रमांक व दिलेल्या दाखल्यांची यादी लिहावी, आणि नियमावलीची एक प्रत तीतच ठेवावी. आपल्या संस्थेने दरवर्षी निकालाच्या सुमारास एक दिवस अशा मार्गदर्शनाकरिता राखून ठेवावा, व ज्यांची मुले या वाटेने जाऊन आली त्यांनी तेथे येऊन बसावे, अशी आमची सूचना आहे. द्रव्यसाहाय्य देणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. वेळेवर योग्य माहिती देणेही तितकेच मोलाचे दान आहे, आणि ते देण्यास मोठी तिजोरी लागत नाही.